हुमणीचं औषध

गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी कवळीकाकांच्या दातांनी हसायची. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे काकांनी उभा जन्म कवळ्या बनवण्यात घालवला. डॉक्टर पेशंटचं माप घेऊन आत पाठवायचे. मग काका प्लास्टरचा साचा करायचे, मेणात एकेक दात बसवायचे, वरचे दात खालच्यांवर नीट टेकतात का ते पुन्हा पुन्हा बघायचे, आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून कवळीला अशी चकाकी आणायचे की खऱ्या दातांनी लाजावं. पेशंटनी काकांना कधी बघितलंही नव्हतं. पण रस्त्यात समोरून कुणी हसत आलं की काका मनात म्हणायचे, 'वरची आपली. खालची दुसऱ्या कुणाची दिसते.'

काकांनी लग्न केलं नाही. कामातून मोकळे झाले तेव्हा हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत लॉन लावलं. कवळीत एक दात जरा पुढे आलेला त्यांना खपत नसे, तसं लॉनमध्ये एक पातं वर आलेलं खपेना. मशीन फिरवून झालं की गुडघ्यांवर बसून कडेचं गवत कात्रीनं कापायचे. "काकांच्या लॉनवर पाय ठेवायचा तर आधी दात घासून यावं लागतं," असं गल्लीत म्हणायचे. काकांना ते ऐकून बरंच वाटायचं.

त्या घरात मग त्यांची मोठी बहीण राहायला आली. सगळे तिला ताईच म्हणायचे. नवरा गेल्यावर मुलीकडे जाऊन राहण्यापेक्षा भावाकडे बरं, असं ताईंनी ठरवलं. एक ट्रंक, एक शिवणाचा डबा आणि जाळीच्या खोक्यात सहा कोंबड्या घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

"तू ये ना, घर तुझंच आहे," काका म्हणाले. "पण हे लटांबर?"

"हे लटांबर नाही आलं तर मीही नाही," ताई म्हणाल्या.

काका पुढे काय बोलणार? आई गेली तेव्हा ते एवढेसे होते. ताईंनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं, घास भरवले, शाळेत सोडलं. ताईंपुढे त्यांचा आवाज कधी चढला नाही. मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, कोंबड्यांसाठी जाळीचं घर झालं. लॉनवरून तह झाला. दिवसभर कोंबड्या जाळीत राहतील आणि संध्याकाळी थोडा वेळ, ताई स्वतः काठी घेऊन उभ्या राहतील तेव्हाच बाहेर येतील. ताईंनी तो तह पाळला. कोंबड्यांनी पाळला असं म्हणता येणार नाही. त्यातली एक मान ताठ करून सगळ्यांवर नजर ठेवत फिरायची, तिला ताई फौजदारीण म्हणायच्या. एक अंगभर ठिपक्यांची, ती ठिपकी. एक नेहमी मागे राहायची आणि मग धावत सुटायची, ती उशिरा. या तिघी संधी मिळाली की लॉनच्या मधोमध जाऊन पायांनी उकरायच्या आणि काकांचा जीव खालीवर व्हायचा.

एका वर्षी लॉनला चट्टे पडायला लागले. आधी एक पिवळा डाग, ताटाएवढा. पाणी वाढवलं तरी तो वाढतच गेला. काकांनी गवत मुठीत धरून ओढलं तर जुनी सतरंजी उचलावी तसा गवताचा अख्खा थर हातात आला. मुळं नव्हतीच. खाली मातीत पांढऱ्या, जाडजूड, अर्धगोल वळलेल्या अळ्या पडल्या होत्या.

ताई मागून येऊन वाकल्या. "हुमणी आहे ही," त्या म्हणाल्या. "अरे, हे तर माझ्या मुलींचं पक्वान्न! दोन-चार दिवस सोड त्यांना मोकळं. एक अळी ठेवायच्या नाहीत."

"आणि लॉनही ठेवायच्या नाहीत. नांगरून ठेवतील."

"गवत काय, पुन्हा येतं."

पुन्हा येतं, पण कधी? कारण नेमकं त्याच सुमारास, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, डॉक्टर त्यांच्या घरी चहाला यायचे होते. काका सहज दवाखान्यात डोकावले होते तेव्हा बोलता बोलता लॉनचा विषय निघाला. काकांनी जरा जास्तच वर्णन केलं. डॉक्टरांच्या बायकोला बागेची हौस, ती म्हणाली, "आम्ही बघायलाच येतो." दिवसही ठरला. मागच्या खोलीतल्या माणसाकडे डॉक्टर सपत्नीक येणार, आणि दाखवायचं काय, तर कुत्र्याला खरूज लागावी तसं लॉन! काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यातच ताईंच्या मुलीला ताप भरला. निरोप येताच ताई निघाल्या. जाताना जाळीच्या दाराशी उभं राहून त्यांनी काकांना सगळं समजावलं, पाणी कधी बदलायचं, दाणे किती घालायचे, संध्याकाळी आत घेताना कोणाला आधी हाकायचं.

"तुझ्या भरवशावर सोडून चाललेय रे," त्या म्हणाल्या.

"मी काय लहान आहे?" काका हसून म्हणाले.

ताईंची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि काकांनी पायात चपला सरकवल्या. ते थेट बी-बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या दुकानात गेले. काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होत्या. काकांनी चट्ट्यांचं सांगितलं, अळ्यांचं सांगितलं.

"हुमणी," बाई म्हणाल्या. "घरी कोंबड्या, बदकं, असं काही आहे?"

"का?"

"असतील तर दाणेदार औषध देत नाही मी. पाखरं ते खडे समजून टिपतात. आणि मेलेल्या अळ्या खाल्ल्या तरी तेच. त्यांच्यासाठी दुसरं आहे, हुमणीला लागणारी बुरशी. मातीत मिसळायची. पाखरांना काही होत नाही. पण सावकाश काम करतं, महिना-दीड महिना तरी धीर धरावा लागतो."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. एवढा वेळ कुठे होता?

"छे, कोंबड्या कुठल्या!" ते म्हणाले. "साधं लॉन आहे हो."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मागच्या फळीवरून डबा काढून दिला.

खोटं बोलायची काकांना सवय नव्हती. घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत काढली, की आपण कोंबड्यांना बाहेर सोडणारच नाही आहोत. म्हणजे लॉनपुरतं बघितलं तर कोंबड्या नाहीतच. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि पीठ चाळावं तसे ते दाणे लॉनभर पसरले. वरून भरपूर पाणी सोडलं. आपलं काम आपल्याला आवडावं तसं त्यांना ते आवडलं. जाळीमागे कोंबड्या ओळीनं उभ्या राहून बघत होत्या.

त्या संध्याकाळी कोंबड्यांनी बाहेर यायची वेळ झाली तसा गलका केला. दुसऱ्या संध्याकाळीही. फौजदारीण तर दाराच्या जाळीवर चोच आपटत राहिली. पलीकडच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी भिंतीवरून विचारलं, "काका, ताई नाहीत म्हणून उपास घडवताय की काय मुलींना?"

काका ओशाळले. त्यांनी लॉनकडे बघितलं. पाणी तर रोज घातलं होतं. दाणे विरघळून मुरले असणार. डब्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा आत होता. 'असं करू,' ते मनात म्हणाले, 'भिंतीलगतच्या वाटेवर सोडू. लॉनवर जाऊ द्यायचं नाही.' ताईंची काठी घेऊन ते उभे राहिले आणि त्यांनी दार उघडलं.

सहा कोंबड्या आणि एक काठी. सगळ्या सरळ लॉनवर गेल्या. औषधानं अर्धमेल्या झालेल्या अळ्या जमिनीवर येऊन पडल्या होत्या. कोंबड्यांनी त्या अशा काही मटकावल्या की काकांना हसू आलं. बघा, ताईचंही म्हणणं खरं झालं, आपलंही काम झालं. लॉनच्या कडेला जी दगडी पट्टी होती तिच्या फटीत पाण्यानं वाहून आलेले दाणे साचले होते. इतकी बारीक नजर असलेल्या माणसाला ते दिसले नाहीत. ठिपकी आणि उशिरा तिथे कितीतरी वेळ टिपत उभ्या होत्या. काकांनी पायरीवर बसून ते कौतुकानं बघितलं.

उजेड होता तोवरच ठिपकीची चाल बिघडली. तिचे पंख लोंबायला लागले, चोचीतून लाळ गळायला लागली. मग उशिरा एका अंगावर कलंडली. त्यांनी एकेकीला उचलून आत नेलं, पाणी पाजायचा प्रयत्न केला, पुन्हा पुन्हा चोच धुतली. जनावरांचे डॉक्टर दोन रस्ते पलीकडेच राहायचे. काका फाटकापर्यंत गेलेसुद्धा. पण डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतील, ते त्यांना ठाऊक होतं. 'काय खाल्लं?' फाटकाची कडी हातात धरून ते थांबले, आणि 'बहुतेक सावरतील' असं म्हणून परत फिरले.

सकाळी ठिपकी, उशिरा आणि आणखी एक, अशा तिघी गेलेल्या होत्या. दुपारी फौजदारीणही गेली. ती शेवटपर्यंत मान ताठ ठेवायला बघत होती. काकांनी भिंतीपाशी खोल खड्डा खणला आणि चौघींना पुरलं. उरलेल्या दोघींनी त्या दिवशी लॉनवर फारसं टिपलं नव्हतं, म्हणून वाचल्या. दगडाच्या फटी काकांनी चमच्यानं कोरून साफ केल्या. ते आधी करायचं होतं.

ताई आल्या त्या मुलीनं दिलेली पपई घेऊन. जाळीशी जाऊन त्यांनी हाक मारली तर दोघीच धावत आल्या.

"बाकीच्या?"

"सकाळी उठून बघतो तर..." काका म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी घोकून ठेवलं होतं, ते आठवेना. "पडलेल्या होत्या. काही कळलंच नाही."

ताई जाळीपाशी खाली बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मका!"

"काय?"

"मक्याचं पोतं ओलं झालं होतं मागे. मी वाळवलं, तरी कुबट वास येत होता. फेकून द्यायचं जिवावर आलं रे. जाण्याआधी तेच मिसळून ठेवलं." त्यांनी मान वर करून काकांकडे बघितलं. "त्यानंच झालं असेल का?"

एक क्षण असा होता की सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"असेल."

त्या एका शब्दानं ताई खचल्या. मक्याचं अख्खं पोतं त्यांनी ओढत नेऊन टाकून दिलं. दाण्यांचे डबे उकळत्या पाण्यानं धुतले. अंडी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतःहून सांगायच्या, "माझीच चूक. कुबट दाणे घातले मी. हातानं मारल्या." शिवणवाल्या बाईंना सांगताना त्यांना रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "अहो ताई, मुद्दाम का केलंत तुम्ही?" काका तेव्हा खिडकीत उभे होते. कान बंद करता आले असते तर त्यांनी केले असते.

म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. काकांची झोप गेली, भूक गेली. ताई ताटात वाढायच्या आणि स्वतः नुसतं चिवडत बसायच्या, तेव्हा काकांच्या घशाखाली घास उतरेना. लॉनकडे बघवेना, आणि मेलं लॉन तर दिवसेंदिवस हिरवंगार व्हायला लागलं! चट्टे भरून आले. रोज ते ठरवायचे, आज सांगायचं. पण ताई जरा शांत असल्या की वाटायचं, आता कशाला खपली काढा. आणि रडत असल्या की वाटायचं, आता कसं सांगू. असं करता करता 'असेल' हा शब्द शिळा होत गेला आणि सांगणं अधिकाधिक कठीण.

त्यातच एका सकाळी ताई हातात अंडं घेऊन आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला होता. "दोघींतल्या धाकटीनं घातलं! बंदच झाल्या होत्या दोघी. हे शिवणवाल्यांच्या सुनेला देते. तिला दिवस गेलेत, पोटात काही जाईल पोरीच्या."

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्या कोंबडीनं काय खाल्लं होतं, किती खाल्लं होतं, देव जाणे. "मला दे ते," ते घाईनं म्हणाले.

"तुला?"

"मला... अशक्त वाटतंय. अंडं खावंसं वाटतंय."

ताईंचे डोळे भरून आले. "अरे, मग बोलायचं नाही? कधी नव्हे ते तोंडानं मागितलंस!" त्यांनी लगेच तवा ठेवला, कांदा चिरला आणि ऑम्लेट करून समोर ठेवलं. वर स्वतः शेजारी बसल्या. "खा. गरम आहे तोवर."

फेकायची सोय नव्हती. काकांनी ते खाल्लं. प्रत्येक तुकड्याला ताई त्यांच्याकडे आईसारख्या बघत होत्या. 'होऊ दे काय व्हायचं ते,' काकांच्या मनात आलं, आणि त्यात थोडं बरंही वाटलं. पण त्यांना काहीच झालं नाही. पुढची अंडीही काका मागून घ्यायला लागले, कधी हातातून 'पडायची', कधी ताईंची पाठ वळली की गटारात जायची. ताई समजल्या, भाऊ आपल्या दुःखात खंगला आहे.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले. काकांनी लॉनवर चार खुर्च्या मांडल्या होत्या. पण डॉक्टरांचा गुडघा दुखत होता आणि बाहेर ऊन होतं. "आतच बसू या," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं खिडकीतून बाहेर नजर टाकली. "छानच ठेवलंय हं. आम्ही मात्र काढून टाकलं बाई सगळं, प्लास्टिकचं हिरवं अंथरलं. कटकट नाही." आणि ती पुन्हा सोफ्यावर बसली. एवढंच. त्या लॉनकडे नंतर कुणी बघितलंही नाही.

ताई बेकरीतला केक आणि चहा घेऊन आल्या. गप्पांत कोंबड्यांचा विषय निघालाच, आणि ताईंनी आपल्या कुबट मक्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. बुरशी धरलेले दाणे वाईटच." काका चहात साखर ढवळत राहिले.

"आता दोघीच आहेत," ताई म्हणाल्या. "पण घालताहेत बिचाऱ्या. आजची दोन्ही सकाळीच शेजारच्या सुनेकडे देऊन आले. हा म्हणेल मला हवीत, म्हणून याला न सांगताच!" आणि त्या काकांकडे बघून हसल्या.

काका उठले. "आलोच," असं म्हणाले की नाही, ते त्यांनाही आठवत नाही. ठेवणीतले बूट घालून ते फाटकातून अक्षरशः पळत बाहेर पडले. शिवणवाल्या बाईंच्या दाराशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सून स्वयंपाकघरात होती, आणि अंडी उकळत होती.

"खाऊ नका," काका म्हणाले. "ती अंडी खाऊ नका."

बाई मशीनवरून उठून आल्या. "का हो? काय झालं?"

"लॉनवर विष टाकलंय मी. हुमणीसाठी. त्यानंच मेल्या कोंबड्या. या दोघींच्याही पोटात गेलं असेल."

शिवणवाल्या बाईंनी आधी गॅस बंद केला. मग विचारलं, "आणि ताईंना ठाऊक आहे?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी भांडं उचललं आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. सून पोटावर हात ठेवून काकांकडे बघत उभी होती. "आधीची नव्हती ना दिली कुणी तुम्हाला?" काकांनी तिला विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि काका भिंतीला टेकले.

ते घरी परतले तोवर पाहुणे निघायच्या बेतात होते. फाटकापर्यंत सोडून आल्यावर काका मोरीपाशी गेले. ताई कप विसळत होत्या.

"कुठे पळाला होतास रे पाहुणे टाकून?"

"ताई, मका चांगला होता."

ताईंचा हात थांबला नाही. "काय म्हणतोस?"

मग काकांनी सांगितलं. दुकानातल्या बाईंनी काय विचारलं ते, आपण काय उत्तर दिलं ते, काठी घेऊन उभं राहिल्याचं, पायरीवर बसून कौतुक बघितल्याचं, फाटकाच्या कडीवरून परत फिरल्याचं. काही गाळलं नाही. नळ वाहतच होता. शेवटी ताईंनी तो बंद केला.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानंच झालं असेल का, असं विचारलं होतं मी."

"हो."

"तू 'असेल' म्हणालास."

"हो."

"कोंबड्या मेल्या, ते मी समजू शकते रे. माणसाच्या हातून होतं. पण मी रोज रडत होते आणि तू समोर बसून जेवत होतास."

काकांना म्हणायचं होतं की मला जेवण जात नव्हतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

ताई ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. हात पुसून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी उरलेल्या दोघींना तपासलं, डबा बघितला, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "सुक्याबरोबर ओलंही जाळलंत की हो. त्याच संध्याकाळी आणल्या असत्या तर एखादी-दुसरी वाचलीही असती. खात्री नाही देत, पण असती." मग त्यांनी सांगितलं, मी सांगेपर्यंत यांची अंडी कुणी खायची नाहीत, आणि या लॉनवर पुढचा हंगाम येईपर्यंत एकही पाखरू सोडायचं नाही.

काकांनी कोंबड्यांचं जाळीचं घर उपटून घराच्या पुढच्या अंगाला आणून बसवलं. मागच्या लॉनला सगळीकडून उंच जाळी मारली. ते काम ताईंनी पायरीवरून बघितलं. महिनाभर तरी घरात 'वाढू का' आणि 'दिवा घालव' याखेरीज बोलणं नव्हतं. मग ताई थोडे दिवस मुलीकडे जायला निघाल्या. जाताना त्यांनी दोन्ही कोंबड्या खोक्यात घातल्या आणि शिवणवाल्या बाईंकडे नेऊन ठेवल्या. काका दारात उभे होते. त्यांना ताईंनी काही सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. त्या दिवशी काका पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

डोळे पुसून मग ते बाहेर पडले. ताईंनी ज्यांना ज्यांना मक्याचं सांगितलं होतं त्यांच्या घरी ते गेले. बेकरीवाल्याकडे, पोस्टातल्या जोडप्याकडे, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकेकडे. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगितलं, "ताईचा मका चांगला होता. माझ्या औषधानं मेल्या कोंबड्या. मी खोटं बोललो." पोस्टातला माणूस काकांनीच घडवलेले दात दाखवत हसला. "अहो काका, चार कोंबड्यांचं ते काय घेऊन बसलात!" काकांना ते हसणं शिवीपेक्षा लागलं. म्हाताऱ्या शिक्षिकेनं मात्र आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई माझ्याकडे येऊन तासभर रडली होती. त्याचं काय?"

दुकानातल्या बाईंकडेही गेले. "कोंबड्या आहेत," ते म्हणाले. "तेव्हाही होत्या."

बाईंना आठवायला थोडा वेळ लागला. आठवल्यावर त्यांनी काही सुनावलं नाही. बुरशीचं पाकीट काढून दिलं, ओल्या मातीत संध्याकाळी कसं मिसळायचं ते सांगितलं. याच अळ्यांचे पुढे भुंगेरे होतात, ते झाडांवर बसायला लागले की फांद्या हलवून साबणाच्या पाण्यात पाडा, म्हणजे मातीत अंडी घालायला उरणार नाहीत, असंही सांगितलं. "गवत फार बारीक कापू नका," त्या म्हणाल्या. "उंच गवताची मुळं खोल जातात." काका सगळं दोनदा विचारून घेत होते.

ताई परत आल्या त्या शिक्षिकेच्या घरावरूनच. काकांनी दारोदार जाऊन काय सांगितलं ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी काकांच्या पानात भात वाढला आणि म्हणाल्या, "वाळलास किती."

पुढच्या हंगामात भुंगेरे आले तेव्हा दोघं मिळून झाडं हलवायचे. ताई बादली धरायच्या. "इकडे, अरे इकडे, सगळे माझ्या डोक्यावर पाडतोस!" असं त्या एकदा ओरडल्या आणि काकांना ते फार गोड लागलं. शिवणवाल्या बाईंकडून परत आणलेल्या दोघींच्या जोडीला ताईंनी मुलीकडून चार नवी पिल्लं आणली. त्यांची नावं मात्र ठेवली नाहीत. लॉन आता वाढलेलं, ओबडधोबड असतं. मधे दोन-तीन चट्टे आहेत. काका ते तसेच राहू देतात.

पुढच्या अंगणातल्या फुलझाडांच्या वाफ्यात औषध कधीच पडलं नव्हतं. तिथेही थोडी हुमणी निघते. सकाळी काका गुडघ्यांवर बसून खुरप्यानं माती उलटतात, एकेक अळी वेचून वाटीत टाकतात. वाटी भरली की ताई हात पुढे करतात. "दे इकडे." वाटी उजेडात धरून त्या आधी सगळ्या अळ्या वळवळताहेत ना, ते नीट बघतात, आणि मग जाळीत ओततात. कोंबड्यांना आपल्या हातानं घालू दे, असं काका अजून म्हणालेले नाहीत. ताईंनीही विचारलेलं नाही.